चिठ्ठीला कशाला दोष देता? एका पालकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, आणि राग यावा असं तुमच्या बाबतीत घडलंय. म्हणून खाली दोन ओळी न टाकता इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. खाजगी शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांसाठी सोडत, म्हणजे चिठ्ठ्या काढणं, हीच त्यातल्या त्यात बरी पद्धत आहे, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर चिपळूणच्या या दादांनी लिहिलं, ‘लेकरांच्या शिक्षणाचा जुगार मांडलाय नुसता. माझी मुलगी प्रतीक्षा यादीत, आणि आमच्या आळीतल्या दुमजली बंगलेवाल्याच्या मुलाचा नंबर लागला. मुलांची हुशारी बघा, नाहीतर जो आधी अर्ज भरेल त्याला द्या. माझी मेव्हणी सिंगापूरला असते, तिथे असले लॉटरीचे खेळ चालत नाहीत. तुमची मुलं मोठी झाली, आता तुम्हाला तत्त्वज्ञान सुचतंय.’

मुलं मोठी झाली हे खरं. पण दर वर्षी फॉर्म भरायचे दिवस आले की मी वाचनालयात लॅपटॉप घेऊन बसते आणि येईल त्याचा फॉर्म भरून देते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता बोलण्याचा नाही.

आधी सिंगापूरचं बघू, कारण ते लवकर आटपेल. मेव्हणीला फोन करा आणि ‘बॅलटिंग’ म्हणजे काय ते विचारा. तिथे पहिलीचे प्रवेश टप्प्याटप्प्याने होतात. मोठं भावंड त्याच शाळेत असेल तर पहिल्याच टप्प्यात जागा नक्की. मग आईवडील त्या शाळेचे माजी विद्यार्थी असतील तर त्यांचा नंबर. मग शाळेत स्वयंसेवक म्हणून निदान ४० तास राबलेले पालक. ज्यांची शाळेशी कसलीच ओळख नाही ते या सगळ्यांच्या मागे. त्यांच्यासाठी प्रत्येक शाळेत पूर्वी २० जागा राखून ठेवत, २०२२ च्या प्रवेशफेरीपासून त्या ४० केल्या. एवढं करून अर्ज जास्त झालेच, तर संगणकावर चिठ्ठी निघते, तेच बॅलटिंग. आधी नागरिक, मग कायम रहिवासी, आणि त्यातही घर १ किलोमीटरच्या आत, १ ते २ किंवा २ च्या पुढे असा क्रम. शाळेजवळचा पत्ता दाखवून नंबर लावला तर त्या घरात ३० महिने राहावंही लागतं. तेव्हा लॉटरी तिकडेही आहे. उलट तिकडे लॉटरीच्या आधी ओळखीपाळखीची जी रांग लागते, ती आपल्या २५ टक्क्यांत नाही, आणि ते मला आपलं बरं वाटतं.

आता हुशारी. सहा वर्षांच्या मुलाची हुशारी कुणी आणि कशी मोजायची? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी घातली आहे. पहिल्यांदा पकडलं तर २५ हजार दंड, त्यापुढे दर वेळी ५० हजार. तरी ‘गप्पा मारायला’ म्हणून मुलांना बोलावणाऱ्या शाळा आहेत. कुठली ते लिहीत नाही, पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा या मासेमारी बंदरातल्या एका मुलाला असंच बोलावलं होतं. बाईंनी चित्रांचं पुस्तक उघडलं आणि रस्त्यावरच्या सिग्नलवर बोट ठेवलं. हे काय? मुलगा म्हणाला, बोटीचे दिवे. लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या. आणि हा पिवळा कशाला मध्ये? बाईंनी मान हलवून पान उलटलं. त्या मुलाने अंधारात समोरून येणारी बोट कुठल्या अंगाने जातेय हे ओळखायचं शास्त्र सांगितलं होतं, आणि कागदावर बहुतेक ‘सामान्य ज्ञान कमी’ असा शेरा पडला असेल. त्या वयात जी मोजली जाते ती आईबापांची इंग्रजी आणि घरातली पुस्तकं. चाळणी लावली तर वर कोण राहील हे तुम्हालाही माहीत आहे, आणि दादा, त्या चाळणीतून तुमची मुलगी तरी वर राहील याची खात्री तुम्ही देता का?

‘आधी येईल त्याला’ यावर फार लिहीत नाही. पूर्वी शाळांच्या फाटकाबाहेर पहाटेपासून रांगा लागायच्या, तेव्हा रांगेत कोण उभं राहू शकायचं? ज्याची त्या दिवसाची हजेरी बुडत नव्हती तो. आता ऑनलाइन केलंत तर वाडीत ज्याच्या अंगणात रेंज येते तो पहिला. सड्यावर चढून मोबाईल उंच धरणारा कायमचा दुसरा.

आणि चिठ्ठी म्हणजे जुगार असं म्हणाल, तर तुमच्या सरपंचपदाचं आरक्षण कसं निघतं? निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली तर निकाल कसा लागतो? म्हाडाच्या कोकण मंडळाची घरं कशी मिळतात? जागा थोड्या आणि हक्क सगळ्यांचा सारखा असला की आपण चिठ्ठीच काढतो. २०२५-२६ साठी राज्यात या जागा १ लाख ९ हजारांच्या घरात होत्या आणि अर्ज ३ लाखांच्या वर. तिघांतल्या जवळजवळ दोघांना नाही म्हणायचंच आहे. मग ते कुणाची जात, तोंड, ओळख न बघता म्हटलेलं बरं. सोडतीचं सॉफ्टवेअर नेमकं कसं चालतं हे सरकारने साध्या मराठीत जाहीर करावं, म्हणजे ‘मॅनेज केलं’ ही कुजबुज थांबेल, ही मागणी मात्र मी तुमच्याबरोबर करीन.

आता बंगलेवाला. तुमच्या प्रतिक्रियेतला हा मुद्दा सगळ्यांत खरा आणि सगळ्यांत किचकट आहे.

पहिल्यांदा हे बघा की त्याचा अर्ज कुठल्या गटातून होता. आर्थिक दुर्बल घटकाला वर्षाला १ लाखाची उत्पन्न मर्यादा आहे, वंचित गटाला, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती वगैरेंना, ती नाही. आणि ती नसण्याला कारण आहे. बंगला बांधला म्हणून शाळेत आणि गावात मिळणारी वागणूक बदलतेच असं नाही. तो वंचित गटातून असेल तर त्याने तुमचं काही घेतलेलं नाही.

दाखला उत्पन्नाचा असेल तर गोष्ट वेगळी. कोकणात निम्मं उत्पन्न कागदावर येतच नाही. हापूसच्या पेट्या वाशीला गेल्या, पैसे रोख आले. बोटीवरचा वाटा रोख. मागच्या पडवीत दोन खोल्या काढून मे महिन्यात पर्यटक ठेवले, तेही रोख. तहसीलदारांचा दाखला निघतो कागदांवरून आणि तलाठ्याच्या चौकशीवरून, त्यामुळे आंब्याच्या कलमांचा मालक लाखाच्या आत बसतो. आणि पगाराची स्लिप असलेला पतपेढीतला शिपाई बाहेर राहतो. १ लाख ही मर्यादाच आता कुणासाठी आहे? ५०० रुपये हजेरी धरली तर २०० दिवसांत लाख भरला. म्हणजे नेटाने काम करणारा गवंड्याच्या हाताखालचा माणूस खरं सांगून अपात्र आणि रोखीवाला खोटं सांगून पात्र. तुमचा राग इथे असायला हवा, दादा. चिठ्ठी काढणाऱ्याला दाखला खरा की खोटा हे दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त नंबर असतात.

चिठ्ठीच्या आधी अशीच आणखी एक गोष्ट ठरून जाते, ती म्हणजे अंतर. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, याचं मला नवल वाटलं. फॉर्ममध्ये नकाशावर एक लाल फुगा येतो, तो आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. मग पोर्टल शाळांची यादी दाखवतं. २०२५-२६ च्या फेरीत १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी होती, मग १ ते ३ वाल्यांना. हे अंतर सरळ रेषेत मोजतात. पुण्यात ठीक आहे. आपल्याकडे धोपाव्याच्या धक्क्यावर उभे राहा, खाडीपलीकडे समोर दाभोळ दिसतं. फेरीबोट चालू असेल तर काही मिनिटांचं काम. बंद असेल तर चिपळूणला वळसा. नकाशाला खाडी म्हणजे नुसता निळा रंग. खाडी सोडा, आपल्या डोंगरउतारावरच्या वाड्या घ्या. एक फॉर्म भरताना शाळा पाऊण किलोमीटरवर दाखवत होती. मुलाची आई हसायला लागली. म्हणाली, ताई, पाखाडी उतरायची, वहाळ ओलांडायचा, समोरची घाटी चढायची. पावसात साकवावरून पाणी गेलं की त्या दिवशी शाळा नाहीच. आणि रस्त्याने गेलं तर रिक्षा करावी लागते. तिच्या मुलाला पोर्टलने पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि हमरस्त्यालगत राहणारा, एसटीने दहा मिनिटांत पोचू शकणारा मुलगा सरळ रेषेत लांब पडतो म्हणून मागे.

शिवाय फुगा सरकतो. काही जण तो शाळेच्या कुंपणाला नेऊन टेकवतात. पडताळणीत सापडलं तर प्रवेश रद्द होतो, पण तोवर कुणाची तरी जागा अडते.

त्यानंतर कागद. घर आजोबांच्या नावावर, लाईटबिल आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. सातबारावर भाऊबंदांची सतरा नावं. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून कायमचे गावी आलेल्यांचं रेशनकार्ड अजून लालबागचं. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत करार हवा, आणि आपल्याकडे घरमालक तोंडी शब्दावर खोली देतो, करार म्हटलं की ‘दुसरीकडे बघा’ म्हणतो. आंब्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्या कुटुंबाकडे तर पत्ता म्हणून दाखवायला बागायतदाराचं नावच असतं. ही मुलं सोडतीत हरत नाहीत, कारण ती सोडतीत नसतातच. त्यांच्यासाठी प्रतिक्रिया लिहायलाही कुणी येत नाही.

२०२४ साली तर सरकारने सोडतीचा प्रश्न मुळापासूनच निकालात काढला होता. ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. कोकणात याचा अर्थ काय ते सांगायला नको, आपल्याकडे वाडीवाडीला जिल्हा परिषदेची शाळा आहे. जवळजवळ सगळ्या खाजगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तुम्ही आज प्रतीक्षा यादीत का होईना आहात, ते त्या निकालामुळे.

‘मग वाडीतल्या शाळेत घाला की’ असं मला काही वाचकांनी लिहिलंय. माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली, आणि चांगली शिकली. पण तेव्हा वर्गात मुलं होती. आज पहिली ते चौथी मिळून सात मुलं आणि शिक्षक एक, आणि तोही मीटिंगला तालुक्याला गेलेला, अशा शाळेत मुलीला न घालणाऱ्या बापाला मी नावं ठेवणार नाही. शाळा ओस पडल्यात म्हणून पालक जातात की पालक जातात म्हणून शाळा ओस पडतात, यावर दुसरा लेख होईल.

तुम्ही एका ओळीत असंही म्हटलंय की नंबर नाही लागला तर फी भरायची आणि वर २५ टक्क्यांवाल्यांचा खर्चही आपणच सोसायचा. कायद्याप्रमाणे तो खर्च सरकार शाळेला देतं. सरकारी शाळेतल्या मुलावर होणारा खर्च किंवा शाळेची फी, यांत जे कमी असेल ते. आपल्याकडे कित्येक वर्षं हा दर मुलामागे १७,६७० रुपये राहिला. पैसे वेळेवर येत नाहीत ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. ती त्यांनी मंत्रालयात करावी, फी वाढवताना पालकसभेत ‘त्या मुलांमुळे’ म्हणून नव्हे. त्या सभेत ‘त्या मुलां’चे आईबापही मागच्या बाकावर बसलेले असतात.

आता तुमच्या मुलीचं. प्रतीक्षा यादीतून प्रवेश होतात, कारण निवड झालेले सगळे येत नाहीत. कुणाची कागदपत्रं अडतात, कुणाला गाडीभाडं झेपत नाही. मोबाईलवर मेसेज येईल म्हणून थांबू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघत राहा, कारण मुदत थोडी असते. बंगलेवाल्याच्या दाखल्याबद्दल खात्री असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पडताळणी समिती तिथेच बसते. आळीतल्या गप्पांवरून मात्र देऊ नका. नंबर लागला तर आठवीपर्यंतच फी नाही, नववीपासून भरावी लागेल, हेही आत्ताच धरून चाला. बसचे पैसे पहिल्या दिवसापासून तुमचेच.

आणि मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि जातीचा दाखला लावला असेल तर तो, या सगळ्यांवर आडनाव एकच आहे ना ते आज रात्रीच बघून घ्या. आपल्याकडे एका कागदावर मूळ आडनाव आणि दुसऱ्यावर गावावरून पडलेलं, असं निम्म्या घरांत असतं, आणि पडताळणीच्या टेबलावर गाडी नेमकी तिथेच अडते. तसं असेल तर मला कळवा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे आहे.