‘हार्ट अटॅक आला? जोरजोरात खोका!’ : या फॉरवर्डमधलं काय खरं, काय घातक

दर काही महिन्यांनी हा निरोप नातेवाइकांच्या, सोसायटीच्या ग्रुपवर नव्याने उगवतो आणि दर खेपेला त्याला एखादं नवं शेपूट फुटलेलं असतं. सध्याचा अवतार थोडक्यात असा: एकटे असताना अटॅक आला तर दहा सेकंदांत शुद्ध जाते, म्हणून दर दोन सेकंदांनी जोरात खोका. सॉर्बिट्रेट सगळ्यांनी खिशात ठेवा, छातीत दुखलं की जिभेखाली टाका, अटॅक तिथेच थांबतो. सोबत डिस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनची गोळी, गिळा. आडवे पडू नका. ईसीजी नॉर्मल आला तर तो गॅस. ऑक्सिजन मिळाला की निम्मा धोका टळला. आणि प्लास्टी (अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद वाहिनी फुग्याने उघडून बहुधा जाळी बसवणं) झाली की महिनाभर खाट सोडू नका, पण ब्लॉक निघालेला असल्यामुळे तीन महिन्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्या तरी चालतात.

कार्डिअ‍ॅक आयसीयूत काम करणाऱ्यांच्या नजरेतून यातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

‘दर दोन सेकंदांनी खोका’

इथे दोन वेगळ्या आजारांची खिचडी झाली आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरू लागतो. हृदय मात्र बहुतेक वेळा चालूच असतं. माणूस बोलतो, घामाने भिजतो, स्वतःच्या पायांनी रिक्षात बसतो. हृदयाचं ठोके देणंच थांबतं तो कार्डिअ‍ॅक अरेस्ट. दहा सेकंदांत शुद्ध जाणं हे अरेस्टचं लक्षण, अटॅकचं नव्हे. ज्याचं हृदय घरी अचानक थांबलं त्याला आता खोकायला हवं हे सुचण्याआधीच तो कोसळलेला असतो.

खोकण्याची कल्पना हवेतून आलेली नाही. १९७६ साली कॅथ लॅबमधल्या, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीतल्या, काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. टेबलावर असतानाच त्यांच्या हृदयाची लय बिघडली आणि लगेच खोकायला लावल्यावर ते ३९ सेकंदांपर्यंत शुद्धीवर राहिले. पण तिथे मॉनिटर लावलेला होता, शॉकचं मशीन हाताशी होतं आणि कोणीतरी ‘खोका’ म्हणून सांगत होतं. अँजिओग्राफीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडल्यावर ठोके मंदावले तर आजही डॉक्टर खोकायला सांगतात. स्वयंपाकघरात एकटं असताना यातलं काहीच नसतं. अटॅकचा रुग्ण खोकत बसला तर दमतो आणि फोन करायची वेळ घालवतो.

त्याऐवजी १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा, दाराची कडी काढा आणि भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून बसा. जिने उतरू नका, गाडी चालवू नका, कोणाच्या स्कूटरवर मागेही बसू नका. ‘आडवे पडू नका’ हे त्यामुळे निम्मं बरोबर आहे: धाप लागत असेल तर बसलेलं बरं, पण डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून पाय उंचच करायला हवेत.

समोरचा माणूस कोसळला, हलवून जागा होत नाही, श्वास नाही किंवा नुसता आचके दिल्यासारखा आहे, तर छातीच्या मधोमध दाब सुरू करायचे. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते दमणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. गादीवर दाब वाया जातात, रुग्णाला जमिनीवर घ्या.

‘सॉर्बिट्रेटने अटॅक थांबतो’

या निरोपातलं सर्वांत धोकादायक वाक्य हेच. सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट हे नायट्रेट गटातलं औषध, रक्तवाहिन्या सैल करतं. त्याने कळ कमी होऊ शकते, पण गुठळी विरघळत नाही. म्हणूनच ‘गोळी घेतली, बरं वाटलं, उद्या दाखवू’ हा हिशेब अंगाशी येतो.

दुसरा घोळ रक्तदाबाचा. वाहिन्या सैल झाल्या की प्रेशर उतरतं. वरचं प्रेशर ९० च्या खाली असेल तर ही गोळी देत नाहीत. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असेल, म्हणजे ईसीजीच्या लीड २, ३ आणि एव्हीएफ या रेघांमध्ये बदल दिसत असतील, तर हृदयाचा उजवा कप्पाही त्या तडाख्यात सापडलेला असू शकतो. असा उजवा कप्पा शिरांमधून परत येणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून असतो. नायट्रेटने तेच रक्त अडलं की चांगला बोलणारा रुग्ण मिनिटभरात पांढराफटक पडतो. त्यामुळे असा ईसीजी हातात आला की एक लीड छातीच्या उजव्या बाजूला, बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत लावून व्ही४आर ही उजव्या बाजूची नोंद काढायची आणि ती पाहिल्याशिवाय नायट्रेट द्यायचं नाही. ही खबरदारी खिशातल्या गोळीला कुठून कळणार?

तिसरी गोष्ट घरचे सांगत नाहीत, कारण त्यांना ती ठाऊकच नसते. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास कोणतंही नायट्रेट चालत नाही, प्रेशर गडगडतं. हा प्रश्न बायको-मुलांसमोर विचारला तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्यांना पडद्याबाहेर थांबवून, हळू आवाजात, औषधाचं नाव घेऊन विचारावा.

ज्यांना अँजायना (हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्याने छातीत दुखणं) आहे आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे त्यांनी ती जरूर जवळ ठेवावी. बसूनच घ्यावी, उभ्याने नाही. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाण्याने ओलं करून मग ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली विरघळू द्यावी. गिळली तर यकृतात तिचा मोठा भाग निकामी होतो. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही किंवा वाढलं, तर दुसऱ्या गोळीचा विचार करण्याआधी १०८.

‘डिस्प्रिन गिळा’

यात तथ्य आहे. गंमत अशी की निरोपाने जिला दुय्यम मानलं तीच गोळी जीव वाचवते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांवर रुग्णांच्या आयसिस-२ चाचणीत ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले.

पण गिळायची नाही, चावायची. मात्रा साधारण ३०० मिलिग्रॅम. घरात इकोस्प्रिन ७५ असेल तर चार गोळ्या. तिच्यावर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, त्यामुळे अख्खी गिळली तर असर उशिरा होतो. इकोस्प्रिन-एव्ही ही वेगळी कॅप्सूल आहे, तिच्यात कोलेस्टेरॉलचं औषधही असतं, ती चार-चार घ्यायची नाही. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन हे ॲस्पिरिनला पर्याय नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी, काळी शौच, रक्ताची उलटी, तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं, पाठीत काहीतरी फाटल्यासारखी अचानक कळ, यातलं काही असेल तर गोळी देऊ नका. आणि जे दिलं त्याचं रिकामं पाकीट वेळ लिहून सोबत आणा, नाहीतर इमर्जन्सीत तोच डोस पुन्हा दिला जाऊ शकतो.

‘ईसीजी नॉर्मल, म्हणजे गॅस’

एक ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो. पहिला पोहोचल्यापासून १० मिनिटांत काढायचा हे खरं, पण दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा असतो. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की बाहेर पडणारं प्रथिन, रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून अर्ध्या तासापूर्वी दुखू लागलेल्याचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्याला घरी सोडत नाहीत.

काढण्यातही चुका होतात. व्ही१ आणि व्ही२ या छातीवरच्या चकत्या बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावायच्या असतात, घाईत त्या दुसऱ्या-तिसऱ्या फटीत चढतात आणि नसलेला जुना अटॅक दिसू लागतो. दोन हातांच्या वायर उलट लागल्या तर लीड १ उलटं येतं. छातीवर केस दाट असतील तर चकत्या नीट चिकटत नाहीत. तिथे आधी रेझर फिरवावा.

मधुमेही, वयस्कर आणि बायका यांच्यात छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा खांदा दुखणं एवढंच असू शकतं. इनो घेऊन ढेकर आला, बरं वाटलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘नक्की किती वाजता सुरू झालं?’ याचं उत्तर मात्र घरच्यांनी पाठच करून यावं, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. गोव्याच्या स्टेमी (वाहिनी पूर्ण बंद पडल्याने येणारा अटॅक) प्रकल्पात लहान केंद्रावरचा ईसीजी तज्ज्ञांकडे जातो, इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि मग रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हलवला जातो.

‘ऑक्सिजन लावला की निर्धास्त’

बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांहून जास्त दिसत असेल तर वरून ऑक्सिजन देण्याचा उपयोग नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांना ऑक्सिजनचा काही फायदा दिसला नाही. नळी नाही म्हणून सिस्टरवर आवाज चढवण्याआधी मॉनिटरवरचा आकडा बघावा.

‘महिनाभर खाट, तीन महिन्यांत गोळ्या बंद’

दोन्ही उलटं आहे. अटॅकनंतर आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची रीत १९५२ सालीच लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना खुर्चीत बसवून मोडायला घेतली. निजून राहिलं की पायात गुठळ्या, छातीत कफ आणि बद्धकोष्ठ. गुंतागुंत नसेल तर आता १२ ते २४ तासांनी पाय खाली सोडून बसवतात, मग खुर्ची, मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या. बेडपॅनवर कुंथण्यापेक्षा कमोडच्या खुर्चीत हृदयाला कमी त्रास होतो. शौच मऊ राहण्याचं औषध त्यासाठीच असतं.

खरी बंधनं पहिल्या काही तासांची. मनगटातून प्लास्टी झाली असेल तर हवेचा पट्टा थोडा थोडा सैल केला जातो. एकदम सोडला तर रक्ताची चिळकांडी उडते. आणि बोटं निळी पडली, बधिर झाली तर लगेच सांगावं. जांघेतून झाली असेल तर शीथ, म्हणजे वाहिनीत घातलेली नळी, काढल्यावर त्वचेवरच्या छिद्राच्या दोनेक सेंटिमीटर वर, जिथे नाडी लागते तिथे, १५ ते २० मिनिटं हाताने दाब द्यावा लागतो. मध्येच ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघितलं की पहिल्यापासून सुरू. नंतर चार ते सहा तास तो पाय सरळ. खोकताना, शिंकताना त्या जागेवर हात दाबून धरायचा. वरून पट्टी कोरडी असूनही कंबर दुखू लागली, ठोके वाढले, प्रेशर उतरलं तर रक्त आत पोटामागे साचत असू शकतं. ‘एकाच कुशीवर झोपून पाठ धरली असेल’ म्हणून ते सोडून देऊ नये.

राहिल्या गोळ्या. अटॅकनंतर स्टेंट, म्हणजे वाहिनीत ठेवलेली जाळी, बसला असेल तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही जोडी साधारण १२ महिने चालते. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात, पण ठरवतात ते. मनाने बंद केली तर नवी जाळीच गुठळीने बंद पडू शकते. गोळ्या बंद करण्याची अशी वेळ दात काढताना येऊ शकते. ‘पाच दिवस गोळ्या थांबवा’ असं दंतवैद्याने सांगितलं तर स्टेंटचं कार्ड त्याच्यापुढे ठेवावं आणि तिथूनच आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावावा.