‘विषय येतो ना, मग शिकवता येतं’ हे खरं नाही

गेले दोन-तीन आठवडे सांगली-मिरजेच्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो पाच ठिकाणांहून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फिजिक्स शिकवायला विषय पक्का लागतो, अध्यापन पद्धती आणि प्रशिक्षणं हा वेळकाढूपणा आहे. न्यूमेरिकल भरपूर सोडवून घेतले की संकल्पना आपोआप पक्क्या होतात. अधूनमधून एखादा प्रयोग दाखवला की पुरे. मुलांनाही छान लेक्चर देणारे सरच आवडतात. आणि वर्गात चर्चा वगैरे हे परदेशी खूळ आहे, ८० मुलांच्या वर्गात ते चालत नाही. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलेलं नाही. अकरावी-बारावीला १७ वर्षं फिजिक्स शिकवते आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

विषय येतो म्हणजे शिकवता येतं, या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण एकेकाळी माझीही तीच समजूत होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ‘कार्य’ शिकवत होते. बल आणि विस्थापन, म्हणजे वस्तूचं सरकणं, काटकोनात असतील तर कार्य शून्य, आणि उदाहरण नेहमीचंच: डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं चालणारा माणूस. त्याचं बल वर, सरकणं पुढे. मागच्या बेंचवरचा एक मुलगा उठला. “मॅडम, माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. दिवसभर हळदीची पोती वाहतात. मग त्यांनी काहीच काम केलं नाही का?” मी म्हणाले, “व्याख्या तशी आहे, लिहून घे.” एम.एस्सी.ला मला फर्स्ट क्लास होता. विषय येत होता. त्या मुलानं वर्षभरात पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

आता त्या एका प्रश्नाला मी अख्खा तास देते. ५० किलोचं पोतं दीड मीटर उचललं तर पोत्यावर सुमारे ७३५ ज्यूल (कार्याचं एकक) कार्य झालं, हे मुलंच काढतात. मग ते पोतं घेऊन सपाट जमिनीवर एकसारख्या वेगानं चालायचं. पोत्याची ऊर्जा वाढली का? नाही. मग माणूस का दमतो? कारण ओझं पेलताना स्नायूंचे तंतू सतत आकसत आणि सैलावत असतात, त्यात अन्नातून आलेली ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. टेबलावर तेच पोतं दिवसभर ठेवलं तरी टेबल दमत नाही. घरातलं ‘काम’ आणि पुस्तकातलं ‘कार्य’ यांच्यात मुलं नेमकी इथे अडकतात, हे मला कोणत्याही एम.एस्सी.च्या पेपरात शिकवलं नव्हतं. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये हेच मांडलं: विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याचं सर्वसाधारण ज्ञान दुसरं, आणि अमुक धडा अमुक वयाच्या मुलांना कुठे अडतो, तिथे कोणतं उदाहरण कामी येतं, हे ज्ञान तिसरं. मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी पूर्ण मान्य करते. विषयच कच्चा असेल तर कोणतीही पद्धत त्या शिक्षकाला तारत नाही.

आता न्यूमेरिकल. सीईटी, नीट, जेईईच्या धास्तीनं आपण सगळेच यावर विश्वास ठेवून बसलोय. दक्षिण कोरियात किम आणि पाक या संशोधकांनी हे तपासून पाहिलं, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. विद्यापीठात नुकते आलेले २७ विद्यार्थी. प्रवेश परीक्षेच्या तयारीत कोणी ३००, कोणी २९००, सरासरी १५०० गणितं सोडवलेली. तरी बल आणि गती यांबद्दलचे मूलभूत गैरसमज बऱ्याच जणांत तसेच होते, आणि किती गणितं सोडवली याचा समजेशी फारसा संबंधच दिसला नाही.

असं का होतं, ते वर्गात दिसतं. नाणं सरळ वर फेकलं. हातातून सुटलंय, अजून वर चाललंय. हवेचा विरोध सोडून द्या. त्यावर कोणती बलं आहेत? दरवर्षी अर्ध्याहून जास्त मुलं खाली गुरुत्वाचा बाण काढतात आणि वर आणखी एक बाण. “हाताचा जोर, मॅडम. तो संपला की नाणं खाली येतं.” जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हाच प्रश्न विचारला होता, तिथेही बहुतेकांनी हाच बाण काढला. आपल्या बोलण्यात तर जोर वस्तूत भरतो आणि संपतो. ‘चेंडूतला जोर गेला’ असं आपण सहज म्हणतो. बल असं वस्तूत साठत नाही, ते दोन वस्तूंच्या परस्परक्रियेत असतं. हात सुटला, हाताचं बल तिथेच संपलं. उरतं फक्त गुरुत्व, जाताना आणि येताना तेवढंच.

तोच मुलगा गतीच्या समीकरणात त्वरण उणे ९.८ घालतो, उत्तर बरोबर काढतो, पैकीच्या पैकी मार्क घेतो. त्याच्या डोक्यातला तो वरचा बाण कुणालाही दिसत नाही. हजार गणितांनंतरही तो तिथेच असतो, कारण गणित त्याला कधी हात लावतच नाही.

म्हणूनच हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये आकडेमोड नसलेली, निव्वळ समज तपासणारी चाचणी तयार केली. ती किंवा तिच्याआधीची तशीच एक चाचणी वापरलेल्या वर्गांतून रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र केली. सुधारायला जितका वाव होता, त्यातला फक्त २३ टक्के भाग नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांनी गाठला. मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. दुसऱ्या गटातलेही काही वर्ग मागेच राहिले होते, हे सांगायला हवं. नुसतं गट पाडून बसवलं की होत नाही.

प्रयोग दाखवला की पुरे? हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवून दिलं की नुसता प्रयोग पाहिलेली मुलं, न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच पुढे होती. ‘काय होईल?’ हे आधी सांगायला लावलं तेव्हा फरक पडला. म्हणजे खर्च दोन मिनिटांचा.

मुलांना लेक्चर आवडतं, हे खरंच आहे. पण २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या अभ्यासात, सराईत लेक्चर ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं आणि चाचणीत ती मागे पडली. स्वतः झटापट केलेल्यांना कमी शिकल्यासारखं वाटलं, मार्क मात्र जास्त. सांगलीच्या विश्रामबागेत डेमो लेक्चर ऐकून क्लास ठरवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, तासातून बाहेर आलेल्या मुलाला ‘कसं वाटलं’ विचारू नका, तो नाण्याचा प्रश्न विचारा.

राहिलं परदेशी खूळ. होशंगाबादच्या १६ ग्रामीण शाळांत १९७२ मध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, आणि तो कार्यक्रम मध्य प्रदेशच्या सरकारी शाळांत पसरत २००२ पर्यंत चालला. आणि मोठ्या वर्गाचं म्हणाल, तर मॅझूर यांची पद्धत मोठ्या वर्गातच जन्मली: प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर, शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद, पुन्हा उत्तर. त्यासाठी मशीन लागत नाही. नॅथॅनियल लॅस्री यांनी २००८ मध्ये उत्तर नोंदवायचं बटणाचं यंत्र आणि उत्तर दाखवायची साधी कार्डं यांची तुलना केली, शिकण्यात फरक आढळला नाही. माझ्या वर्गात तर कार्डंही नाहीत. मुलं उत्तराच्या पर्यायाप्रमाणे छातीशी एक ते चार बोटं धरतात, म्हणजे शेजाऱ्याची नक्कल होत नाही. पोर्शन मागे पडतो का? पहिल्या सहामाहीत पडतो. दुसऱ्या सहामाहीत तेच तेच पुन्हा समजावायला लागत नाही.

प्रशिक्षणाबद्दलचा राग मात्र मला समजतो. व्याख्यान कमी करा हे सांगणारं सहा तासांचं व्याख्यान मीही ऐकलंय. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमट यांनी १९७० च्या दशकापासून शिक्षकांसाठी याच्या उलट वाट धरली. शिक्षक स्वतः जसे शिकतात तसेच शिकवतात, म्हणून त्यांना आधी हातात सामान द्यायचं: एक सेल, एक छोटा बल्ब, वायरचा एक तुकडा, आणि सांगायचं, पेटवा. बल्बला दोन टोकं असतात, एक बुडाशी आणि एक बाजूच्या धातूला, हे भल्याभल्या पदवीधरांना तेव्हा पहिल्यांदा हाताला लागतं. उन्हाळ्यातल्या जिल्ह्याच्या प्रशिक्षणासाठी मी लेखी मागणी दिली आहे. प्रोजेक्टर नको. ४० सेल, ४० बल्ब, ४० वायरी.