फिनिश-व्हिएतनामी टीम म्हणे जमतच नाही!

माझा भाचा पुण्यात बसून ज्या टीमचं काम बघतो, तिचे निम्मे लोक फिनलंडमधल्या तांपेरेत आणि निम्मे व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरात. महिन्यापूर्वीच तो लीड झालाय. गेल्या आठवड्यात त्याला एक मेसेज आला, ‘फिनिश आणि व्हिएतनामी माणसं एका टीममध्ये का टिकत नाहीत’. तोच आता आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरतोय. तो वाचून या मुलाने ठरवून टाकलं, की टीममधल्या व्हिएतनामी टेस्टर मुलीला मीटिंगमध्ये काही विचारायचंच नाही. “मावशी, ती हो म्हणणार. त्याला काय अर्थ आहे?” मी सहा वर्षं फिनलंडमध्येच, एस्पो शहरात, अशाच टीमबरोबर काम केलंय. मला गप्प बसवत नाही.

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच: ‘व्हिएतनामी माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो, त्याच्या शब्दावर विसंबू नका.’ व्हिएतनामीत मोठ्यांना उत्तर देताना आधी एक छोटा शब्द येतो, दक्षिणेत त्याचा उच्चार साधारण ‘या’ असा होतो. त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो आपल्या ‘जी’सारखा असतो, ‘ऐकतेय, बोला’ एवढाच. शिवाय त्या भाषेत सगळ्यांना एकच ‘मी-तू’ चालत नाही. वयाप्रमाणे ‘आन्ह’ म्हणजे दादा, ‘ची’ म्हणजे ताई, ‘एम’ म्हणजे धाकटं भावंड. आमच्या टीममधल्या व्हिएतनामी मुलीने पहिल्याच दिवशी मला जन्मसाल विचारलं आणि मग मी तिची ‘ची’ झाले. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. शेजारचा फिनिश सहकारी मात्र बघत राहिला, कारण त्यांच्याकडे साहेबापासून शिकाऊ पोरापर्यंत सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारतात.

आता अर्धं खरं काय ते कबूल करते. चारचौघांत मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं तिला जड जायचं. “शुक्रवारी होईल ना?” असं त्या फिनिश सहकाऱ्याने विचारलं की ती “हो” म्हणायची. मीटिंग संपली आणि पाचच मिनिटांत मला तिचा मेसेज: जुन्या फोनवर पैसे भरायचा स्क्रीन उघडत नाहीये, अजून दोन दिवस लागतील. याला खोटं बोलणं म्हणायचं? पुढच्या वेळेपासून त्याने प्रश्न बदलला, “शुक्रवारपर्यंत काय काय अडकू शकतं?” मग तीच मुलगी सगळ्यांसमोर एकेक अडचण मोजून सांगायला लागली. आणि आपण कुठल्या तोंडाने बोलतो? ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ म्हणत आपण रोज कितीजणांना नकार देतो!

दुसरा मुद्दा आकड्यांचा, म्हणून लोकांना तो शास्त्रीय वाटतो. हॉफस्टेड या डच संशोधकाने देशोदेशीच्या संस्कृती आकड्यांत मोजल्या. त्यांच्या मापात ‘अधिकाराचं अंतर’, म्हणजे साहेब आणि हाताखालचा यांच्यातली दरी लोक किती गृहीत धरतात ते, फिनलंडचं ३३, व्हिएतनामचं ७०. म्हणून म्हणे व्हिएतनामी माणूस साहेबाने सांगितल्याशिवाय हलत नाही. अहो, मूळ सर्वेक्षण आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचं, १९६७ ते १९७३ या काळातलं. व्हिएतनामात तेव्हा युद्ध चालू होतं आणि मूळ यादीत तो देश नव्हताच, त्याचा आकडा मागाहून आला. त्याच तक्त्यात ‘अनिश्चितता टाळण्या’चा आकडा फिनलंडचा ५९ आणि व्हिएतनामचा ३० आहे. म्हणजे याच मापाने, सगळं आधी ठरलेलं नसलं तरी व्हिएतनामी माणसाचं कमी अडतं. मेसेज लिहिणाऱ्याने ही ओळ बरोबर गाळली. वास टारास, पियर्स स्टील आणि ब्रॅडली कर्कमन या संशोधकांनी हॉफस्टेडच्याच चौकटीवरचे ५५८ अभ्यास एकत्र केले. २०१६ साली त्यांनी मांडलं, की सांस्कृतिक मूल्यांतला सुमारे ८० टक्के फरक देशादेशांमध्ये नसतो, एकाच देशाच्या आत असतो. आमच्याच टीममधला हनोईचा डेव्हलपर भर मीटिंगमध्ये साहेबाला “हे चुकलंय” म्हणायचा. त्याला कुठला आकडा लावणार?

‘फिनिश माणसं कोरडी, त्यांना कुणाशी देणंघेणं नसतं’ यावर फार बोलायला नको. ती विचार करून बोलतात, म्हणून मध्ये शांतता पडते. कधीकधी ‘यो’, म्हणजे हो, श्वास आत घेताघेताच म्हणतात. आमच्या मुलीला आधी वाटायचं हा माणूस दचकला की काय! तिने विचारलं, त्याने सांगितलं, विषय संपला.

‘या दोन देशांचा कधी संबंधच नव्हता’ हे तर धडधडीत खोटं. हायफोंगजवळची फा रुंग गोदी फिनलंडच्या मदतीने उभी राहून १९८४ मध्ये सुरू झाली. १९८५ पासून हनोईच्या पाणीपुरवठ्यावर दोन्हीकडची माणसं कित्येक वर्षं एकत्र खपली. १९७९ पासून व्हिएतनामी निर्वासित फिनलंडमध्ये येऊन राहिले, त्यांची मुलं तिथेच शिकून मोठी झाली.

खऱ्या अडचणींबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. हेलसिंकीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हो ची मिन्ह शहरात हिवाळ्यात दुपारचे दोन आणि उन्हाळ्यात एक वाजलेला असतो. जुलैत फिनलंडमधली निम्मीअधिक माणसं सुट्टीवर, तेतच्या नववर्षाला व्हिएतनाम बंद. आमची कामं रखडली ती बहुतेक यामुळे.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की त्या टेस्टर मुलीला विचार, पण ‘होईल ना?’ असं नको. काल त्याने विचारलं. तिने तीन अडचणी लिहून पाठवल्या. त्यातली एक पुण्यात लिहिलेल्या कोडमधली होती.