व्हेंटला टोपी लावा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

काल सकाळी साताऱ्याहून मामाचा फोन. "अगं, सोलरच्या व्हेंटचं तोंड बंद केलं बघ. वाफ फुकट जात होती." कुणी सांगितलं? तर सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. तोच मेसेज, जो महिन्याभरात माझ्याकडे तीनदा आलाय: 'सोलरचं गरम पाणी ताबडतोब हवंय? गच्चीपासून नळापर्यंत एक इंची पाइप टाका. एक एचपीचा प्रेशर पंप बसवा. व्हेंट पाइपला टोपी लावा, उष्णता वाचेल. पाइपवरचं इन्सुलेशन म्हणजे प्लंबरची कमाई.' आणि खाली 'जनहितार्थ'.

मी इमारतींच्या पाण्याच्या लाइनींचे आराखडे करते, तरी दोनदा गप्प बसले होते. आता मामाच गच्चीवर चढला म्हटल्यावर बोलणं भाग आहे.

आधी व्हेंट, म्हणजे सोलरच्या टाकीतून वर निघणारा उघड्या तोंडाचा हवेचा पाइप. बाकीच्या सल्ल्यांनी पैसे जातील, ह्यानं टाकी जाईल. घरोघरी असतो तो काचेच्या नळ्यांचा सोलर बिनदाबाचा असतो. आतली टाकी म्हणजे पातळ स्टीलचा पत्रा. खाली दोन नळ सोडले आणि गरम पाणी निघालं तितक्या वेगानं थंड पाणी आत आलं नाही, तर ती जागा भरायला हवा लागते. ती व्हेंटमधूनच येते. टोपी लावलीत की पत्रा आत ओढला जातो, स्ट्रॉनं जोरात ओढल्यावर फ्रूटीचा डबा होतो तसा. उलट मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात, आत पाणी उकळलं, आणि थंड लाइनवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असला, तर वाफेनं जायचं कुठून? नळ्या टाकीत शिरतात तिथल्या रबरी रिंगांमधून. व्हेंटमधून सतत गरम पाणी ठिबकत असेल तर तक्रार खरी आहे. पण मग त्याचं तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा खाली राहिलंय. पाइप उंच करा, बंद नका करू.

आता एक इंची पाइप. नळ सोडल्यावर आधी पाइपात निवलेलं पाणी बाहेर पडतं, मग गरम येतं. वीस मीटर लाइन धरा. एक इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपात) साधारण साडेआठ लिटर थंड पाणी बसतं, पाऊण इंचीत पाच, अर्धा इंचीत अडीच. मिनिटाला सहा लिटरच्या नळाला एक इंचीतून गरम पाणी यायला जवळजवळ दीड मिनिट, अर्धा इंचीतून पंचवीस सेकंद. म्हणजे 'ताबडतोब'साठी सांगितलेला उपायच उशीर वाढवतो!

नाइलाजानं एक कबूल करते: फार बारीक पाइपही चालत नाही. हेझन-विल्यम्सचं सूत्र आम्ही रोज वापरतो. त्यात पाइप बारीक होत गेला की घर्षणानं वाया जाणारा दाब व्यासाच्या जवळपास पाचव्या घातानं वाढतो. मिनिटाला दहा लिटर पाणी वीस मीटर अर्धा इंचीतून न्यायला जवळजवळ चार मीटर उंचीचा दाब खर्च होतो. पाऊण इंचीत साठ सेंटीमीटर. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा दोनच मीटर उंच असेल, तर वरच्या मजल्यावर अर्धा इंचीतून धार मिळायची नाही. म्हणून मुख्य लाइन पाऊण, आणि बाथरूममधले शेवटचे तुकडे अर्धा. हे कुठल्याही बऱ्या प्लंबरला तोंडपाठ असतं.

पंपाचं थोडक्यात. पंप एचपीवर नाही, मिनिटाला किती लिटर आणि किती मीटर उंचीचा दाब ह्यावर घेतात. दोन शॉवर, वीस लिटर, पंधरा मीटर दाब: पाव एचपीच्या आत काम होतं. तो थंड लाइनवर सोलरच्या आधी लावलात तर बिनदाबाच्या टाकीवर दाब येणार. फक्त थंड नळांना लावलात, तर गरम-थंड मिसळणाऱ्या मिक्सर नळातून थंड पाणी उलटं गरम लाइनीत घुसणार आणि तुम्ही नळाखाली हात धरून उभे.

इन्सुलेशनवर वाद घालत नाही. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या उघड्या पाइपला हात लावून बघा.

मामानं दुपारी टोपी काढली. "पण मग ते सुरुवातीचं थंड पाणी वायाच ना?" तेवढ्यात मागून मामीचा आवाज आला, "वाया कसलं? दहा वर्षं त्यातच कपडे भिजवतेय मी."