एमसीबी पडतो म्हणून ट्रान्सफॉर्मर शॉर्ट ठरत नाही: ग्राहकाच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या ११५ व्होल्टच्या दोन टोरॉइडल (कडीसारख्या गोल कोरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या) ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (वीज आत घेणाऱ्या वाइंडिंग) आपण सिरीजमध्ये जोडल्या आणि २३० व्होल्ट दिले. लोड नसतानाही चालू करताना अधूनमधून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, म्हणून ‘आतून शॉर्ट, भंगार माल’ असा शेरा आणि एक तारा. आपला वैताग समजतो, निदान मात्र पटत नाही.

वाइंडिंग शॉर्ट असती तर एमसीबी दर वेळी पडला असता, नाहीतर ट्रान्सफॉर्मर रिकामाच तापला असता. कधी पडतो, कधी नाही, ही खूण इनरश करंटची, म्हणजे चालू करताना क्षणभर येणाऱ्या मोठ्या करंटची. लाटेच्या कुठल्या क्षणी स्विच लागतो यावर तो ठरतो. व्होल्टेज शिखरावर असेल तर फारसं काही होत नाही. शून्यावर असेल तर फ्लक्स (कोरमधलं चुंबकत्व) नेहमीच्या दुपटीकडे धावतो, वर शिल्लक चुंबकत्वाची भर. कोर सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी फ्लक्स पेलू शकत नाही, आणि करंट अडवायला तांब्याचा रेझिस्टन्स आणि लाइन एवढंच उरतं. टोरॉइडच्या कोरमध्ये फट नसते, त्यामुळे हा धक्का रेटेड करंटच्या दहापटीपुढेही सहज जातो.

त्यात आपली जोडणी. ११५-११५ ही वाटणी कागदावरची. कोर दोन, शिल्लक चुंबकत्वही वेगवेगळं. एक आधी सॅच्युरेट झाला की त्याच्यावरचं व्होल्टेज कोसळतं आणि जवळपास सगळे २३० दुसऱ्याच्या अंगावर येतात. मग तोही सॅच्युरेट. एकाच कोरवरच्या दोन प्रायमरी सिरीजमध्ये खुशाल जोडा, तिथे फ्लक्स सामाईक असतो. वेगळ्या कोरच्या प्रायमरी अशा जोडू नयेत, असं आमचं स्पष्ट मत. सेकंडरींवर (वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगवर) असमान लोड टाकलात तर वाटणी कायमचीच बिघडेल.

सी टाइप एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला तत्काळ पडतो, डी टाइप १० ते २० पटीला. पण डी बसवण्याआधी वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. त्यापेक्षा सॉफ्ट स्टार्ट बरा: सिरीजमध्ये रेझिस्टर, क्षणभराने रिले तो बायपास करतो. एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा रेझिस्टर) स्वस्त पडतो, पण गरम असताना लगेच पुन्हा चालू केलं तर उपयोग शून्य.

तरी शंका असेल तर आहे त्याच जोडणीत, सेकंडरी मोकळ्या ठेवून, इलेक्ट्रिशियनकडून फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहा. क्षणभर चमकून विझला तर माल ठीक. जळतच राहिला तर दोन्ही परत पाठवा, पैसे परत करू.