जनरेटरला फिल्टर बसवला म्हणून कार्बन शून्य होत नाही

बडोद्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘डिझेल जनरेटरला धुराचा फिल्टर लावा, कार्बन शून्य. लिटरभर तेलातून अडीच किलो वायू निघतो ही थाप आहे, कारण तेलाचंच वजन किलोभर नसतं.’ दोन्ही विधानं चुकीची आहेत.

लिटरभर डिझेलचं वजन साधारण 830 ग्रॅम. त्यात कार्बन सुमारे 86 टक्के, म्हणजे 710 ग्रॅमच्या आसपास. जळताना 12 ग्रॅम कार्बन हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. 710 ला 44 ने गुणून 12 ने भागा: सुमारे 2.6 किलो. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं, टाकीतून नव्हे.

फिल्टर काजळी अडवतो. ती अडवायलाच हवी, पण वायू त्यातून सरळ पार होतो. उलट फिल्टर चोंदला की एक्झॉस्टवर उलटा दाब येतो आणि तेल थोडं जास्तच जातं.

खरा फरक लोडने, म्हणजे क्षमतेच्या किती प्रमाणात वीज ओढली जाते त्याने पडतो. 125 केव्हीए (विजेच्या क्षमतेचं माप) क्षमतेचा जनरेटर सेट पाऊण लोडवर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देतो, म्हणजे युनिटमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. तोच सेट फक्त जिन्यातले दिवे आणि एका लिफ्टसाठी चालवला तर आकडा किलोच्या वर जातो. शिवाय इंजिन पुरेसं तापत नाही, अर्धवट जळलेलं तेल सायलेन्सरच्या जोडातून काळं, चिकट ठिबकू लागतं. बहुतेक ठिकाणी सेट गरजेपेक्षा मोठाच घेतलेला असतो.