चार दारांचा सर्व्हर

आमच्या सर्व्हरला चार नेटवर्क कार्डं आहेत. ही गोष्ट मी एकेकाळी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. हल्ली विषय निघाला की पाणी प्यायला उठतो.

काम तसं सरळ होतं. सर्व्हरच्या एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला दहा-बारा पडदे. कॅमेऱ्याचं चित्र सर्व्हरने घ्यायचं, साठवायचं आणि पलीकडे पडद्यांकडे सोडायचं. "प्रत्येकाला वेगळी प्रत कशाला? मल्टिकास्ट करून टाका ना," साहेब म्हणाले. मराठीतलं 'टाकणे' हे सहायक क्रियापद नेहमी त्याच्याच तोंडी असतं, ज्याला स्वतःला ते काम करायचं नसतं.

मल्टिकास्ट म्हणजे एकच प्रत सगळ्या गटाला. त्यासाठी आम्ही पत्ता निवडला 239.1.2.3. हा पत्ता कुणाच्याच यंत्राचा नसतो. 224 पासून 239 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते असेच, बिनघराचे. ते गटाचं नाव. ज्याला ऐकायचंय त्याने 'मी या गटात आहे' असं आयजीएमपी नावाच्या ठरलेल्या भाषेतून कळवायचं, की स्विच (सगळ्या केबली जिथे जुळतात ती पेटी) त्याच्याकडे पॅकेटं, म्हणजे चित्राचे तुकडे, सोडतो. कागदावर इतकं छान दिसतं की मी संध्याकाळी लवकर निघायचा बेत केला होता.

प्रोग्राम चालू केला. काळा पडदा. आमच्या चार कार्डांची, म्हणजे चार दारांची, नावं ईथ-झिरो, ईथ-वन अशी. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावून ईथ-वनकडे कान दिला, कारण कॅमेरा त्या बाजूला. तिथे चिटपाखरू नाही. मग कर्नल, म्हणजे यंत्राच्या सिस्टिमचा गाभा, आपल्या गटांच्या सभासदत्वांची जी वही ठेवतो ती उघडली. त्या वहीत पत्ते सोळा अंकांच्या मोजणीत (हेक्समध्ये) आणि वर उलटे लिहिलेले असतात. आमचा पत्ता तिथे '०३०२०१ईएफ' या वेषात बसला होता. पण बसला होता ईथ-झिरोच्या नावाखाली! प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'कुठलंही दार चालेल' असं सांगून ठेवलं होतं. कर्नलला 'कुठलंही' हा शब्द कळत नाही. त्याने रूटिंग टेबल, म्हणजे रस्त्यांची यादी, पाहिलं, डीफॉल्ट (दुसरा न सापडल्यास घ्यायचा) रस्ता ईथ-झिरोतून जातो असं दिसलं, आणि आम्ही पुढच्या दारात ताटकळत राहिलो. पाहुणा मागच्या दाराने येणार होता.

प्रोग्रामला ईथ-वनचा पत्ता नेमून दिला. टीसीपीडम्पवर पॅकेटांचा धबधबा सुरू झाला. मी खुर्चीतून उठलोच. प्रोग्रामकडे पाहिलं, तर तो तसाच कोरा.

इथून पुढचे सहा तास मला नीट आठवत नाहीत. साहेब दोनदा येऊन गेले. "पॅकेट येतंय ना? मग झालं तर." त्यांना काय सांगणार, की टीसीपीडम्प हा उंबऱ्याबाहेर उभा असलेला माणूस आहे, कोण आलं ते तो सांगतो, आत घेतलं की नाही हे त्याला माहीत नसतं. मी फायरवॉल बंद केली. केबल बदलली. दर दोन मिनिटांनी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. (ही दोन मिनिटं लक्षात ठेवा. मी ठेवली नाहीत.)

अखेर एनस्टॅट या कर्नलचे हिशेब दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आकड्यांच्या गर्दीत 'आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर' नावाची ओळ दिसली. पुढे लाखांतला आकडा, आणि बघता बघता वाढत होता. म्हणजे यंत्र प्रत्येक पॅकेट नेमाने फेकून देत होतं आणि नेमाने मोजत होतं. अवाक्षर मात्र काढत नव्हतं. कॅमेऱ्याला जुन्या जागेवरचा आयपी पत्ता होता, तो कुणी बदललाच नव्हता. फिल्टरचं म्हणणं असं: 'या पत्त्याला उत्तर द्यायचं झालं तर मी ईथ-झिरोने देईन. मग हा ईथ-वनमधून कसा आला? तोतया!'

ठीक आहे, फिल्टर बंद करू. ईथ-वनसाठी शून्य लिहिलं. काही फरक नाही. कारण या फिल्टरच्या दोन किमती असतात, एक त्या दाराची आणि एक 'ऑल'ची, आणि दोन्हींतली मोठी लागू होते. 'ऑल'मध्ये होता एक. बरं, शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे कडक, आणि दोन म्हणजे? दोन म्हणजे सैल. मोठा आकडा जिंकतो आणि सगळ्यात मोठा आकडा एकापेक्षा ढिला! हे ज्याने ठरवलं त्याच्या घरच्यांशी मला एकदा बोलायचं आहे. मी दोन लिहिलं आणि चित्र आलं.

पलीकडे सोडण्याचं प्रकरण त्यामानाने किरकोळ. 'एमसी फॉरवर्डिंग' या मल्टिकास्ट पुढे सोडण्याच्या कळीत एक लिहायला गेलो तर 'परवानगी नाही' असं उत्तर मिळालं, आणि मी रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होतो! तो आकडा फक्त वाचायचा असतो. एसएमसीरूट हा मल्टिकास्ट पुढे सोडणारा प्रोग्राम चालू केल्यावर तो आपोआप एक झाला. तरी पडदे काळेच, कारण कॅमेरा टीटीएल (पॅकेटाने किती टप्पे जायचं तो आकडा) एक लावून पाठवत होता. टीटीएल एकचं पॅकेट पुढच्या नेटवर्कात जात नाही. ते वाढवलं. पडदे उजळले. साहेबांनी पाठ थोपटली.

चार मिनिटांनी सगळे पडदे एकदम गेले.

प्रोग्राम पुन्हा चालू केला, आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा घड्याळ लावून बसलो: चार मिनिटं वीस सेकंद. इतका वक्तशीर बिघाड मी कधी पाहिला नव्हता. पडद्यांकडचा स्विच साधाभोळा, आलेलं सगळ्यांना वाटून टाकतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. कॅमेऱ्याकडचा मात्र हुशार. तो कुणाला काय हवंय याची नोंद ठेवतो आणि 260 सेकंदांत कुणी पुन्हा 'मी आहे' म्हटलं नाही तर नाव खोडतो. सर्व्हर म्हणायला तयार होता, पण आधी कुणीतरी 'कोण कोण आहे?' असं विचारावं लागतं. दर 125 सेकंदांनी हे विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात, आणि आमच्याकडे ते काम कुणाकडेच नव्हतं. दिवसभर दर दोन मिनिटांनी प्रोग्राम बंद-चालू करून ते मीच करत होतो.

स्विचवर क्वेरिअर चालू केला. पडदे उजळले. साहेब बॅग घेऊन निघाले होते, दारात थांबले.

"चाललंय ना सगळं?"

"हो."

"मग असे टक लावून काय बसलात? चला घरी."

मी घड्याळावरची नजर न काढता हात वर केला. "तीन पन्नास झालेत, साहेब. अर्धा मिनिट थांबा."